कार्बन उत्सर्जन आणि आयुर्मान

कार्बन उत्सर्जन आणि आयुर्मान यांचा परस्परसंबंध हा सार्वजनिक आरोग्य, लोकसंख्याशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि विकासाचे अर्थशास्त्र या चार शास्त्रांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनाने वीज, वाहतूक, खते आणि पोलाद मिळते, उत्पन्न वाढते आणि त्या उत्पन्नातून अन्न, औषधे व निवारा लाभून माणसाचे आयुष्य लांबते. त्याच ज्वलनातून बाहेर पडणारा धूर आणि तापमानवाढ घडवणारे वायू मात्र आयुष्य तोडतात. विकसनशील देशांत या दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी आणि पुष्कळदा एकाच गावात घडत असतात. त्यामुळे ‘उत्सर्जन वाढले की आयुर्मान वाढते की घटते?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

संकल्पना

‘जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान’ ही एक गणिती कल्पना आहे. एखाद्या वर्षी प्रत्येक वयोगटात जे मृत्युदर आढळतात, तेच दर आयुष्यभर कायम राहिले असे मानल्यास त्या वर्षी जन्मलेले बालक सरासरी किती वर्षे जगेल, हे ती सांगते. ‘या देशातील माणसे ७० व्या वर्षी मरतात’ असा तिचा अर्थ नव्हे. पाळण्यातच दगावणारी मुले पुष्कळ असतील तर ही सरासरी फार खाली येते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारताचे आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. त्या काळीही साठी-सत्तरी गाठणारी माणसे घरोघर होती, परंतु पाचव्या वाढदिवसापर्यंत न पोहोचणारी बालकेही तितकीच घरोघर होती. विकसनशील देशांच्या आयुर्मानाची चर्चा करताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो. या देशांत गेल्या शतकात जी वाढ झाली, तिचा मोठा भाग म्हणजे वाचलेली बालके होत.

‘कार्बन उत्सर्जन’ या शब्दाने सामान्यतः इंधनज्वलन व सिमेंटनिर्मिती यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड अभिप्रेत असतो आणि तो दरडोई टनांत मोजला जातो. औद्योगिकीकरणापूर्वी हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० भागांहून अधिक आहे. इतक्या प्रमाणात हा वायू श्वसनाला विषारी नसतो. ‘कार्बनमुळे माणसे मरतात’ हे विधान वृत्तपत्रांत वारंवार दिसते. त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे त्याच चुलीतून किंवा धुराड्यातून कार्बन डायऑक्साइडसोबत निघणारे सूक्ष्म कण व अन्य वायू, आणि दुसरी म्हणजे या वायूच्या साठ्यामुळे बदलणारे हवामान. पहिली गोष्ट जवळच्या माणसांना आणि लवकर बाधते. दुसरी जगभर, उशिरा आणि दीर्घकाळ बाधते. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे या विषयातील बरीच चर्चा भरकटते.

आकडेवारीतील सहसंबंध

जगातील देश एकाच आलेखावर मांडले, तर दरडोई उत्सर्जन जास्त असलेल्या देशांचे आयुर्मानही साधारणपणे जास्त दिसते. चाडसारख्या देशात दरडोई उत्सर्जन नगण्य आहे आणि आयुर्मान पंचावन्न वर्षांच्या आसपास आहे. पश्चिम युरोपातील देशांत दोन्ही आकडे मोठे आहेत. यावरून ‘कार्बन जाळल्याशिवाय आयुष्य वाढत नाही’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि अनेकांनी तो काढलाही आहे.

अमेरिकन लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ साली उत्पन्न आणि आयुर्मान यांच्या संबंधाविषयी जो लेख लिहिला, तो येथे पायाभूत मानला जातो. गरीब देशात उत्पन्न थोडे वाढले तरी आयुर्मान झपाट्याने वाढते, पुढे मात्र आलेखाची रेषा सपाट होत जाते, हे त्यांनी दाखवले. ही रेषा आज ‘प्रेस्टन वक्र’ या नावाने ओळखली जाते. त्यांचे दुसरे निरीक्षण तितकेसे सांगितले जात नाही, पण ते अधिक महत्त्वाचे आहे. काळ पुढे सरकतो तशी ही संपूर्ण रेषाच वर उचलली जाते, म्हणजे तितक्याच उत्पन्नात लोक पूर्वीपेक्षा अधिक जगू लागतात. १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत जगाच्या आयुर्मानात जी वाढ झाली, तिच्यातील केवळ १० ते २५ टक्के वाटा उत्पन्नवाढीचा होता, असे त्यांचे अनुमान होते. उरलेली वाढ लसी, जंतुनाशके, स्वच्छ पाणी आणि आरोग्यविषयक ज्ञानाच्या प्रसारातून आली.

कार्बनच्या बाबतीत हाच प्रश्न ज्युलिया स्टाइनबर्गर, विल्यम लॅम्ब आणि मार्को सकाई यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासला. त्यांनी ७० देशांची १९७१ ते २०१४ या काळातील आकडेवारी घेतली. एखाद्या वर्षी निरनिराळ्या देशांची तुलना केली तर उत्सर्जन व आयुर्मान यांचा संबंध घनिष्ठ दिसतो. परंतु तेच देश काळानुसार कसे बदलले हे पाहिले, तर आयुर्मानातील वाढीपैकी जेमतेम चतुर्थांश वाढीचे स्पष्टीकरण उत्सर्जनाच्या वाढीने मिळते. घरगुती विजेचा वापर आणि अन्नातील उष्मांक यांचा संबंध त्याहून पुष्कळ अधिक आढळला. कोळशाने किती टन पोलाद वितळवले यापेक्षा घरात दिवा, पाणी उपसणारा पंप आणि दवाखान्यात लस थंड ठेवणारी पेटी आहे की नाही, यावर आयुष्याची लांबी अधिक अवलंबून असते, असा या निष्कर्षाचा सरळ अर्थ लावता येतो.

अपवाद ठरणारे देश

श्रीलंकेचे दरडोई उत्सर्जन सुमारे एक टन आहे, तर दक्षिण आफ्रिकेचे त्याच्या सहा-सात पट. आयुर्मान मात्र श्रीलंकेचे पंचाहत्तरी ओलांडून गेले आहे आणि दक्षिण आफ्रिकेचे पासष्टच्या आसपास रेंगाळते आहे. श्रीलंकेने मोफत शिक्षण, विशेषतः मुलींचे शिक्षण, गावोगावच्या सुईणी आणि सरकारी दवाखाने यांवर विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच भर दिला. दक्षिण आफ्रिकेची वीज प्रामुख्याने कोळशावर चालते, पण ती वीज आणि तिच्यातून आलेली संपत्ती वर्णभेदाच्या काळात बहुसंख्य प्रजेपर्यंत पोहोचलीच नाही. नंतर एड्सच्या साथीने तेथील आयुर्मान नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी असलेल्या साठीच्या पुढील पातळीवरून २००५ च्या सुमारास सुमारे ५४ वर्षांवर आणले. या पडझडीत देशाचे दरडोई उत्सर्जन फारसे घटले नव्हते. पुढे विषाणुप्रतिबंधक औषधे सर्वत्र उपलब्ध झाली तेव्हा आयुर्मान सावरले, आणि त्यासाठी उत्सर्जन वाढवावे लागले नाही. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा देशही दीड टनाच्या आसपासच्या दरडोई उत्सर्जनात ऐंशीच्या जवळपास आयुर्मान राखून आहे.

चीनचा इतिहासही रूढ समजुतीला धक्का देणारा आहे. तेथील आयुर्मानातील सर्वांत मोठी झेप १९५० ते १९८० या काळात, म्हणजे कारखानदारीच्या प्रचंड विस्तारापूर्वी पडली. ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणून ओळखले जाणारे ग्रामीण आरोग्यसेवक, लसीकरण आणि साक्षरता ही तिची मुख्य कारणे. दुष्काळाच्या भीषण वर्षांनंतरही ही वाढ पुन्हा सुरू झाली. २००० साली आयुर्मान ७१ वर्षांच्या आसपास होते. त्यानंतरच्या दोन दशकांत दरडोई उत्सर्जन दुपटीहून अधिक वाढले आणि आयुर्मानात सुमारे सात वर्षांची भर पडली.

धुराचा मार्ग

कोळसा, डिझेल, लाकूड किंवा शेणाच्या गोवऱ्या जळताना जे सूक्ष्म कण निघतात, त्यांपैकी अडीच मायक्रोमीटरहून लहान कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या ते सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. नाकातील केस आणि घशातील चिकट द्रव त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. लहान मुलांमध्ये न्यूमोनिया आणि मोठ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, दमा, फुप्फुसांचा जुनाट विकार व कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध प्रस्थापित झाला आहे. धुरात राहणाऱ्या गर्भवतींची बालके कमी वजनाची जन्मण्याची शक्यता वाढते, आणि कमी वजनाचे बालक दगावण्याचा धोकाही अधिक असतो.

आयुर्मानावरील परिणाम वर्षांत मोजण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चीनमधील हुआई नदीचे आहे. या नदीच्या उत्तरेकडील शहरांत हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी सरकार कोळसा पुरवीत असे, दक्षिणेकडे ही सोय नव्हती. उद्देश थंडीपासून संरक्षणाचा होता. परंतु एकाच धोरणाने नदीच्या एका काठावर धूर आणि दुसऱ्या काठावर तुलनेने स्वच्छ हवा अशी विभागणी होऊन संशोधकांना आपोआप एक प्रयोगच मिळाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात उत्तरेकडील आयुर्मान सुमारे साडेपाच वर्षांनी कमी असल्याचा अंदाज होता. नंतरच्या काळातील अधिक तपशीलवार आकडेवारीवर आधारलेल्या २०१७ च्या अभ्यासात उत्तरेकडील धूलिकण ४६ टक्क्यांनी अधिक आणि आयुर्मान सुमारे ३.१ वर्षांनी कमी आढळले. दोन्ही आकड्यांत तफावत असली तरी दिशा एकच आहे. दहा वर्षांचे पोर असो की साठ वर्षांचा कामगार, नदीच्या कोणत्या काठावर आपले घर आहे हे त्याने निवडलेले नव्हते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी याच अभ्यासाच्या आधारे हवेच्या गुणवत्तेचा आयुर्मान निर्देशांक तयार केला. त्यानुसार पीएम २.५ च्या दीर्घकालीन पातळीत दर घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमची वाढ झाली, तर आयुर्मान जवळपास एक वर्षाने घटते.

चूल आणि गॅस

या विषयातील सर्वांत बोधप्रद विसंगती स्वयंपाकघरात आढळते. सरपण आणि गोवऱ्या हे वनस्पतिजन्य इंधन असल्यामुळे, झाडे पुन्हा वाढतात असे गृहीत धरून, त्यांचा कार्बन डायऑक्साइड बहुतेक हिशोबांत धरला जात नाही. कागदावर चूल ‘निष्कलंक’ ठरते. प्रत्यक्षात फुंकणीने चूल पेटवणारी बाई आणि तिच्या कडेवरचे मूल रोज काही तास जो धूर घेतात, तो शहरातील वाहतुकीच्या धुराहूनही दाट असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

उलटपक्षी, गॅस सिलिंडर हे खनिज इंधन होय. तो घरात आला की देशाच्या उत्सर्जनाच्या खात्यात भर पडते आणि त्या घरातील आयुष्य वाढते. भारतात १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला. योजनेतील आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील कार्यक्रमात देण्यात आली. जोडणी मिळणे आणि सिलिंडर पुन्हा भरून आणणे यांत मात्र अंतर आहे. भरलेल्या सिलिंडरची किंमत परवडत नाही तेथे शेगडीशेजारी चूलही पेटतच राहते, आणि आरोग्याचा लाभ त्या प्रमाणात घटतो.

भारतातील स्थिती

१९७० च्या सुमारास भारताचे दरडोई उत्सर्जन अर्ध्या टनाहूनही कमी होते. आता ते दोन टनांच्या आसपास आहे, तरीही जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी. नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७०–७५ या काळात आयुर्मान ४९.७ वर्षे होते, ते २०१६–२० मध्ये ७० वर्षे झाले. अर्भकमृत्यू दर १९७१ मध्ये हजारी १२९ होता, तो २०२० मध्ये २८ वर आला. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे आयुर्मान कशामुळे वाढले याचा उलगडा होतो.

या प्रगतीतील काही पावले अक्षरशः कार्बनविरहित होती. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे द्रव संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील मिश्रण रुग्णांना तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे प्रशिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगातील गावांत नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. गडचिरोली हा १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि राज्यातील सर्वांत मोठ्या औष्णिक वीज केंद्रांपैकी एक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात चंद्रपूरची गणना देशातील गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. तेथे तयार होणारी वीज मुंबई-पुण्याकडेही जाते, राख आणि धूर मात्र तेथेच राहतात.

‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत आलेल्या राज्यनिहाय अभ्यासांनुसार २०१७ मध्ये हवा किमान हानिकारक पातळीहून स्वच्छ असती, तर भारताचे आयुर्मान १.७ वर्षांनी अधिक असते. २०१९ मध्ये हवेच्या प्रदूषणाशी निगडित मृत्यू सुमारे १६.७ लाख, म्हणजे एकूण मृत्यूंच्या १७.८ टक्के होते. १९९० ते २०१९ या काळात घरातील धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर ६४ टक्क्यांनी घटला, पण बाहेरील हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर दुपटीहून अधिक वाढला. चुलीचा धूर ओसरत असताना धुराड्यांचा आणि वाहनांचा धूर त्याची जागा घेत आहे.

२०१६–२० च्या नोंदींत सर्वाधिक आयुर्मान दिल्लीचे (७५.८ वर्षे) आहे, केरळचे त्याच्या लगोलग (७५ वर्षे) आणि सर्वांत कमी छत्तीसगडचे (६५.१ वर्षे). दिल्लीच्या हवेतील सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम या राष्ट्रीय मानकाच्या दुपटीहून अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा तर केवळ ५ मायक्रोग्रॅम आहे. दिल्लीचा आकडा पुढे करून प्रदूषणाचा परिणाम होत नाही असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. दिल्लीत दरडोई उत्पन्न, साक्षरता आणि मोठ्या रुग्णालयांची संख्या देशाच्या सरासरीहून खूप अधिक आहे आणि आयुर्मान या सगळ्यांची गोळाबेरीज असते. दिल्लीकरांची तुलना छत्तीसगडच्या आदिवासी पाड्याशी करून धुराचा परिणाम कळत नाही. ती स्वच्छ हवेतील दिल्लीशीच करावी लागते, आणि हुआई नदीसारखे अभ्यास तेच करू पाहतात.

तापमानवाढीचा मार्ग

दुसरा मार्ग संथ आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतके टिकतो, त्यामुळे आजच्या उष्म्याला कारणीभूत ठरलेला बराचसा वायू आजच्या पिढीने सोडलेला नाही आणि विकसनशील देशांनी तर तो तुलनेने कमी सोडलेला आहे. मे २०१० मध्ये अहमदाबाद येथे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक नोंदले गेले. यांतील फारच थोड्यांची नोंद ‘उष्माघात’ अशी झाली होती. उन्हात बांधकामावर राबणाऱ्या माणसाचे हृदय बंद पडले, तर दाखल्यावर हृदयविकारच लिहिला जातो. या अनुभवातून २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा अमलात आणला. आगाऊ इशारे, पाणपोया, रुग्णालयांतील सज्जता आणि कामाच्या वेळांतील बदल ही त्याची मुख्य अंगे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० ते २०५० या काळात कुपोषण, हिवताप, अतिसार आणि उष्म्याचा ताण यांमुळे दरवर्षी सुमारे अडीच लाख जादा मृत्यू होऊ शकतील. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास गहू व तांदूळ यांतील जस्त, लोह व प्रथिने घटतात, असेही प्रयोगांत आढळले आहे. भातावर गुजराण करणाऱ्या कुटुंबात ही घट पोषणाच्या प्रश्नात भर घालते.

संकट वाढले तरी मृत्यू वाढतीलच असे नाही, हे बांगलादेशाने दाखवले. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मेली, १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार, तर २०२० च्या अम्फान वादळात काही डझन. निवारागृहे, इशाऱ्याची यंत्रणा आणि सायकलवरून भोंगे घेऊन फिरणारे स्वयंसेवक यांचा हा परिणाम होय.

धोरणविषयक वाद

अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ साली जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांत फरक करावा, अशी मांडणी केली. भातशेतीतील मिथेन आणि श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर एकाच तराजूत तोलणे अन्याय्य आहे, असा तिचा रोख होता. १९९२ च्या हवामानविषयक आंतरराष्ट्रीय करारात ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व स्वीकारले गेले. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले.

हे तत्त्व देशादेशांतील न्यायाविषयी बोलते, देशांतर्गत धुराविषयी नाही. दरडोई उत्सर्जन कमी असल्याचा दाखला हा औष्णिक केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांना संरक्षण देत नाही. हवा स्वच्छ करण्यासाठी उत्सर्जन शून्य होण्याची वाट पाहावी लागत नाही, हे चीनच्या उदाहरणावरून दिसते. २०१३ नंतर तेथे सूक्ष्म कणांची पातळी आठ वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी उतरली, जरी कार्बन उत्सर्जन त्या काळात घटले नव्हते. भारतात डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी गंधक डायऑक्साइडच्या मर्यादा ठरवण्यात आल्या. त्यासाठी लागणारी संयंत्रे बसवण्याची मुदत अनेकदा वाढवण्यात आली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना या अटीतून सूट मिळाली. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम निवडक शहरांपुरता आहे. खाणी व वीज केंद्रांच्या परिसरातील खेडी त्यात येत नाहीत.

मोजमापाचीही एक मर्यादा आहे. नमुना नोंदणी पद्धतीतून आयुर्मानाचे आकडे संपूर्ण देश आणि मोठी राज्ये यांच्यासाठीच प्रसिद्ध होतात, जिल्ह्यांसाठी नाही. त्यामुळे महाराष्ट्राचे आयुर्मान बहात्तर वर्षांहून अधिक असल्याचे कळते, पण धुराड्याच्या छायेतील तालुका आणि कोकणातील तालुका यांतील फरक त्या एका आकड्यात विरून जातो.